जाड बाजू मागं

तात्यांच्या गॅरेजमधून एखादी गाडी बाहेर पडली की दोन मिनिटांनी तात्याही बाहेर पडत. मोपेडवर बसून ते त्या गाडीच्या मागे लागत. रस्ता रुंद दिसला की जोर करून पुढे जात, वळून थांबत आणि गाडी समोरून येताना तिच्या पुढच्या चाकांकडे टक लावून बघत. नवख्या ड्रायव्हरला वाटायचं, आपलं काहीतरी राहिलं म्हणून म्हातारा थांबवतोय. तो ब्रेक मारायचा. तात्या हातानंच ‘जा, जा’ करायचे. असं बारामती-इंदापूर रस्त्यावर तीन-चार किलोमीटर चालायचं आणि मग कुठंतरी त्यांचं समाधान व्हायचं. खरं म्हणजे समाधान झालेले तात्या मी कधी पाहिले नाहीत. पेट्रोल संपत आलं म्हणून परतत असावेत.

लोक त्यांना हसायचे. आमचे यजमान तर तोंडावर हसायचे. मी हसत नसे, कारण मला त्यांच्याहून जास्त भीती वाटायची आणि माझ्याकडे मोपेडही नव्हती.

गोष्ट नव्वद सालानंतरची. यजमानांनी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक जुना ट्रक घेतला होता. चारही चाकांना ओढ असलेला, नाकाडा, हिरवा रंग उडालेला. त्याच्यावर त्यांनी पाण्याची टाकी बसवली. उन्हाळ्यात कोऱ्हाळ्याकडे कालव्याकाठच्या विहिरीवर टाकी भरायची आणि सुप्याच्या बाजूच्या कोरड्या गावांना पाणी पोचवायचं, हा त्यांचा धंदा. ढेकळांच्या, खडकाळ वाटांवर दुसरी गाडी रुतून बसायची, ही चढून जायची. यजमानांचा तिच्यावर फार जीव होता. माझा यजमानांवर होता, त्यामुळे माझी पंचाईत व्हायची. ट्रक माझ्याहून वयानं मोठा होता आणि भरलेली टाकी घेऊन तो कालव्याच्या भरावावरून जायचा. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला काठोकाठ पाणी. संध्याकाळी हॉर्न ऐकू येईपर्यंत माझ्या हातून धड काही व्हायचं नाही.

मी इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. शाळा सुटल्यावर ज्या फाट्यावर एसटीची वाट बघायची, तिथंच करंजाच्या झाडाखाली तात्यांचं पत्र्याचं शेड होतं. शेडमध्ये जुन्या जीपगाड्या आणि आमच्यासारखे लष्करी ट्रक तोंड पुढे करून उभे असत, कारण तात्या फक्त पुढचं काम करायचे. पुढचा एक्सल, पुढचे पाटे आणि स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचे सगळे सांधे. इंजिनाला ते हात लावत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, “इंजन बंद पडलं तर गाडी थांबती. थांबलेल्या गाडीनं कुणी मरत न्हाय.”

त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. विशीपर्यंत ते स्वतः वडिलांबरोबर कळपामागे हिंडले होते. मग लष्करी गाड्यांच्या कुठल्याशा वर्कशॉपात लागले. कुठं आणि किती वर्षं, हे ते दर वेळी वेगळं सांगत. पण गाडी तपासायची त्यांची रीत वर्कशॉपातली नव्हती, कळपातली होती. गाडी आली की ते आधी तिला चालायला लावत. स्वतः शेजारून चालत आणि चाकाऐवजी बॉनेटकडे बघत. मेंढरू कुठल्या पायानं लंगडतं ते पायाकडे बघून कळत नाही, म्हणायचे, मानेकडे बघावं लागतं. दुखरा पाय टेकला की मान वर उडते. मी पुढे कितीतरी दिवस रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीची मान बघत होते.

पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली तेव्हा मी चांगलीच गडबडले. फाट्यावर उभी होते. शेडमध्ये आमचाच ट्रक होता, वर केबिनमध्ये यजमान. तात्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी विचारलं, “बाई, हात मोकळा हाय का?”

त्यांचा एक नेम होता. काम संपलं की प्रत्येक सांध्यावर स्वतःचा हात फिरवल्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरवून घ्यायचा. त्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि हा दुसरा हातही त्यांना कुणाचाही चालत नसे. ‘काय होतंय तात्या, चालतंय’ म्हणणाऱ्या गड्यांना ते लांब ठेवत. भीती नसलेला हात आंधळा असतो, असं त्यांचं मत. त्या दिवशी फाट्यावर माझ्याइतकं घाबरलेलं दुसरं कुणी नसावं. यजमान वरून म्हणाले, बाईमाणसाला कशाला गाडीखाली घालता. तात्यांनी ऐकलंच नाही. मी पदर खोचला, पर्स करंजाच्या फांदीला अडकवली आणि चाकाशेजारी बसले.

यजमानांना त्यांनी स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि माझा हात धरून एका सांध्यावर ठेवला. स्टेअरिंग हललं आणि चाक हलायला वेळ लागला, तर तो वेळ मधल्या कुठल्यातरी सांध्यात गेला. कुठल्या, ते डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. नवा सांधा एकजीव हलतो. झिजलेला आतल्या आत ‘टक’ करतो, दात हलतो तसा.

असे मी सगळे भाग हातानं शिकले. स्टेअरिंगच्या पेटीतून चाकाकडे जाणारा दांडा तो ड्रॅगलिंक. दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा तो टायरॉड. ज्या खुंट्यावर चाक वळतं तो किंगपिन. एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा आस, ज्यांना बांधलेला असतो त्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा म्हणजे पाटे. फोर बाय फोरची पुढची चाकं वळायचीही आणि ओढायचीही, म्हणून त्यांचे सांधे लवकर झिजतात. थोरल्या सुनेसारखं आहे म्हणा की, मी म्हणाले. तात्या हसले नाहीत. त्यांना विनोद कळायचा नाही असं नाही, गाडीजवळ तो नको वाटायचा.

एकदा मी त्यांना सांगून टाकलं की, तात्या, मला दिवसभर कसंतरी होतं, काही सुचत नाही. त्यावर ते जे बोलले ते मला त्यानंतर कुणी सांगितलेल्या शहाणपणापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

“भ्यायचं तर नेमकं भ्या, बाई. नुसतं भिऊन माणूस दमतं.”

नेमकी भीती कशी असते तेही त्यांनी शिकवलं. सांध्याच्या नटाला आरपार पिन असते, तिचे पाय वाकवले आहेत का, तेवढं बघायचं. पाटे एक्सलला आवळणारे बोल्ट भरलेल्या गाडीनं एक फेरी झाली की पुन्हा आवळायचे. आणि एक कायदा : वळण संपताना स्टेअरिंग सैल सोडलं की चाकं आपसूक सरळ व्हायला पाहिजेत. नाही झाली, तर गाडी थांबवून उतरायचं. गाडी कुणाची आहे, चालवणारा कोण आहे, ते बघायचं नाही.

माझी भीती त्यामुळे गेली नाही, पण तिला नावं मिळाली. पूर्वी मी ‘देवा, सगळं नीट असू दे’ म्हणायचे, आता ‘देवा, ड्रॅगलिंकची पिन’ म्हणू लागले. शुद्धलेखन सांगताना मध्येच थांबून मी सकाळी पिन बघितली होती का ते आठवत बसायचे आणि मुलं पेन्सिली वर धरून माझ्याकडे बघत राहायची.

मग यजमानांनी मागचे पाटे वाढवले.

टाकीच्या वजनानं मागची बाजू बसायची, म्हणून त्यांनी तात्यांना न विचारता बारामतीत दुसऱ्या एकाकडून मागे दोन-दोन पाटे जास्तीचे घालून घेतले. गाडी मागून उचलली गेली. यजमान खूश. फाट्यावरून जाताना तात्यांनी ती पाहिली आणि हातातलं काम टाकून रस्त्यावर आले. मेंढरू मागनं उचललं तर तोंड मातीत जातं, म्हणाले. मागून चढवल्यामुळे गाडीनं मान खाली घातली होती, पुढचा एक्सल पुढे कलला होता आणि आता चाकं वळणावरून परत यायला कुरकुरणार होती. जास्तीचे पाटे काढा, नाहीतर माझ्या दारात गाडी आणू नका. यजमान म्हणाले, नाही आणत. दोघंही हट्टी. पंधरा दिवस कुणी कुणाशी बोललं नाही आणि मधल्या मधे मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी.

सोळाव्या दिवशी तात्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड पुडकं दिलं. आत लोखंडी पाचरी होत्या, दोन्ही बाजूंना बसवायला दोन. एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला पात्यासारख्या बारीक. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसवल्या की कललेला एक्सल पुन्हा मागे रेलतो. त्यांनी त्या स्वतः घासून तयार केल्या होत्या. तुमच्या मालकाला म्हणावं बसवून घ्या, एवढंच बोलले आणि पाठ फिरवून आत गेले. मला वाटतं, यजमान विचारायला येतील अशी त्यांची अपेक्षा होती. यजमान गेले नाहीत. पाचर बसवायला काय मेकॅनिक लागतो, म्हणाले आणि रविवारी सकाळी घरासमोरच जॅक लावून बसवून टाकल्या. त्या दिवशी दुसरा हात कुणी फिरवला नाही. मीही नाही. मी भाकरी करत होते.

त्याच दिवशी कोऱ्हाळ्याजवळ माझ्या बहिणीकडे जायचं म्हणून मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन ट्रकमध्ये बसले. डांबरी रस्त्यावर काही कळलं नाही. कालव्याच्या भरावावर चढलो आणि पहिल्या वळणाला यजमानांनी स्टेअरिंग फिरवलं, ते फिरलेलंच राहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून ते सरळ केलं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. दुसऱ्या वळणालाही तेच. मी म्हणाले, अहो, सोडून बघा. ते म्हणाले, वेडी आहेस का, सोडायला. माझ्या मांडीवर मुलगी होती आणि तिच्या बाजूच्या खिडकीतून थेट पाणी दिसत होतं.

“गाडी थांबवा,” मी म्हणाले, “मी उतरते.”

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यांच्या गाडीतून मधेच उतरायचं, तेही तात्यांच्या सांगण्यावरून, म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखंच होतं. त्यांनी गाडी थांबवली. मी त्यांना सांगितलं की तुम्हीही जाऊ नका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी उतरले, मुलीला उतरवलं, आणि ते निघून गेले. ऊन रणरणत होतं. मुलगी विचारत होती, बाबा का गेले. मला स्वतःचाच राग येत होता की मी उतरले आणि त्यांना जाऊ दिलं. चाकासमोर आडवं पडायला हवं होतं.

गावात जाऊन मी फोन केला. तात्यांच्या शेजारच्या चहाच्या हॉटेलात फोन होता. त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की पाचरी बसवल्या, पण चाक परत येत नाही, ते तसेच कोऱ्हाळ्याच्या भरावावरून पुढे गेलेत, मी कालव्याच्या पुलावर थांबते. त्यांनी एकच विचारलं, पाचर कुठल्या बाजूनं घातली. मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्याचा आवाज आला.

टाकी भरून याच वाटेनं परत यायला यजमानांना तासभर लागतो. मी कालव्याच्या पुलावर मुलीला सावलीत बसवून उभी राहिले. तास झाला. सव्वा तास झाला. ट्रक आला नाही, तात्यांची मोपेड आली. एवढ्या लांबून ते दामटत आले होते आणि त्यांचं तोंड धुळीनं पांढरं झालं होतं. मी मुलीला मधे घेऊन मागे बसले. मी पाण्याकडे बघत होते. कुठं तेल तरंगतंय का, कुठं काठ ढासळलाय का, एवढंच बघत होते.

दीड मैलावर ट्रक दिसला. रस्ता आणि कालवा यांच्या मधोमध एक जुनी बाभूळ होती, तिच्या बुंध्यात नाक घालून तो उभा होता. पुढचं डावं चाक अर्धं पाण्याच्या बाजूला लोंबत होतं. यजमान शेताकडच्या बांधावर बसले होते. अंगठा सुजला होता, बाकी धड होते. मी त्यांच्याकडे धावले आणि काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी मात्र जे सांगितलं ते आठवतं. पहिल्या दोन वळणांनंतरच त्यांना कळलं होतं. मागे फिरून मला काय तोंड दाखवायचं, म्हणून ते पुढे गेले होते.

तात्या त्यांच्याकडे न बघता सरळ गाडीखाली शिरले. खूप वेळ बाहेरच आले नाहीत. चक्कर आली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. ते उताणे पडून पाचरीवर तळवा ठेवून नुसते बघत होते.

यजमानांनी पाचरी उलट्या बसवल्या होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारा, नाहीतर खोऱ्याच्या, बारीक तोंड आत जातं आणि जाड बाजू आपल्याकडे राहते. ते गाडीच्या पुढे बसले आणि जन्मभर मारली तशीच पाचर मारली. जाड बाजू पुढे राहिली. आधीच पुढे कललेला एक्सल आणखी पुढे कलला.

तात्या बाहेर आले ते बसूनच राहिले. यजमान मान खाली घालून म्हणाले की चूक माझी आहे. तात्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“जाड बाजू मागं. तीन शब्द हायत. माझ्या तोंडात हुते आन् मी बोललो न्हाय. म्हनलं, इचारायला यील गुडघं टेकत. बाई, तुमची पोरगी गाडीत हुती.”

आणि ते रडले. साठीचा माणूस, हातापायाला ग्रीस, कालव्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही होता थोडा. पण माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं घाबरलेलं दुसरं कुणी मी पाहिलेलं नव्हतं.

आसपासच्या शेतांतली माणसं जमली, साखळी लावून ट्रक मागे ओढला. तात्यांनी गाडीतल्याच पान्यांनी जॅकवर पाचरी फिरवल्या आणि माझा हात मागून घेतला. भरावावर यजमानांनी वळण घेऊन स्टेअरिंग सोडलं, तेव्हा चाकं आपली आपण सरळ झाली. मागचे जास्तीचे पाटे पुढच्या आठवड्यात यजमानांनी स्वतःहून काढले.

तात्या मात्र त्यानंतर फार बिघडले. पूर्वी तीन-चार किलोमीटर जायचे, आता पार बारामतीपर्यंत गाडीमागे जाऊ लागले. दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी परत बोलवायचे. मी एसटीतून उतरले की आधी विचारायचे, आली का काल गाडी? किती वाजता? गिऱ्हाइकं कंटाळली. तोवर लष्करी ट्रकही कमी झाले होते, एमआयडीसीत नव्या गाड्यांची गॅरेजं निघाली होती. दशकाच्या शेवटी यजमानांनीही तो ट्रक इंदापूरकडच्या एका माणसाला विकला. सौदा आमच्या ओट्यावर झाला. घेणारा म्हणाला, वाळू वाहणार, मागून बसायला नको, म्हणून पाटे वाढवून घेतो. मी चहा घेऊन उभी होते. गिऱ्हाइकासमोर गाडीची उणीदुणी काढू नकोस, असं यजमानांनी आधीच बजावलं होतं. मी कप ठेवले आणि आत गेले.

पुढच्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा झटका आला. मी भेटायला गेले. मोपेड ओट्याला टेकवून ठेवलेली होती. त्यांची मंडळी म्हणाली, बोलतात, पण कुणाकुणाच्या गाड्याच विचारत बसतात. मी खाटेजवळ बसले. त्यांनी मला ओळखलं आणि अडखळत विचारलं, “ती कुठं हाय आता?”

मी म्हणाले, भंगारात गेली, तात्या. कापून टाकली.

त्यांनी पुन्हा विचारलं, सगळी? मी म्हणाले, सगळी. एक्सलसुद्धा. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. “सुटली,” म्हणाले. त्यांना इतकं निवांत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते मी खोटं बोलून केलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी इंदापूरची एसटी धरली. विचारत विचारत त्या माणसाचं घर काढलं. तो गाडी घेऊन गेला होता. दारात त्याची बायको ज्वारी पाखडत बसली होती, पंचविशीची असेल. मी तिला विचारलं, मागचे पाटे वाढवले का. ती म्हणाली, व्हय, परवाच. मग मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि पाचरीचं सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगायचं, आता पुढे पाचरी घालाव्या लागतील, जाड बाजू मागं. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. ती सुरुवातीला हसत होती. तिसऱ्यांदा म्हणताना हसली नाही. तुमी कोण, तिनं विचारलं. मी मालकीण नव्हते, मेकॅनिक नव्हते.

तिनं सूप खाली ठेवलं आणि उठून रस्त्याकडे बघितलं. यायची वेळ कवाच झालीय, म्हणाली. मी येईपर्यंत तिला त्या उशिराची काही काळजी नव्हती. एवढं तिच्या गळ्यात घालून तिला एकटीला सोडून जाणं मला जमेना. माझी एसटी समोरून गेली तरी मी हात केला नाही. गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.